खेळ आणि चरितार्थ : सांगली-साताऱ्याकडील एक अध्याय

आपल्या भाषेत 'धंदेवाईक' हा शब्द फारशा प्रेमाने उच्चारला जात नाही. धंदेवाईक नट, धंदेवाईक गवई असे म्हटले की बोलणाराच्या मनात थोडासा तुच्छभाव असतोच. हौसेने केलेले ते निर्मळ आणि मोल घेऊन केलेले ते हिणकस, अशी आपली एक जुनी समजूत आहे. पुरुषांच्या बाबतीत ती काळाच्या ओघात सैल झाली. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तिची पकड पुष्कळ दिवस टिकली. मुलीने शाळेत खो-खो खेळावा, बक्षिसाचा पेला घरी आणावा, तो आलेल्या-गेलेल्यांस दाखवावा, इथपर्यंत कौतुक. पण त्याच खेळावर तिने आपला चरितार्थ चालवावा, ही कल्पना सुशिक्षित घरांतही कोणाला सुचत नसे, आणि सुचली तरी रुचत नसे.

या समजुतीला अलीकडच्या काळात मोठा तडा गेला. त्याची हकीकत लिहावयाची तर तिचे एक महत्त्वाचे प्रकरण सांगलीस सुरू होते. स्मृती मानधना या क्रिकेट खेळणाऱ्या मुलीची कारकीर्द ही आमच्या मते केवळ धावांची गोष्ट नाही; खेळ हा स्त्रीचा व्यवसाय कसा झाला याचा तो एक दाखला आहे. त्यांच्या शतकांची मोजदाद वर्तमानपत्रे करीतच असतात. आपण येथे त्या शतकांच्या मागची वाट पाहू.

ती वाट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सांगली आणि सातारा हे आज दोन जिल्हे असले, तरी संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली जो नवा जिल्हा झाला त्याचे नाव 'दक्षिण सातारा' असे होते. 'सांगली' हे नाव त्यास १९६० साली मिळाले. कृष्णेच्या या पट्ट्यात गुणाला आश्रय देण्याची परंपरा जुनी आहे. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हा नाटकाचा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, हे सर्वश्रुतच आहे. त्यापुढची हकीकत मात्र तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. आप्पासाहेब १८५१ साली वारले आणि दरबारचा आधार तुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे भाग पडले. १८५३ साली मुंबईस त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाश्रय गेला म्हणून लोकाश्रय शोधावा लागला, आणि तोच रंगभूमीला अधिक मानवला. एका धन्याची मर्जी जाऊन त्या जागी पुष्कळ प्रेक्षकांची आणेली-पावली आली, तेव्हा नाटक हा व्यवसाय झाला. अर्थात त्या व्यवसायात स्त्रियांना जागा नव्हती. सीतेचे कामही पुरुषच करीत असे.

खेळांचेही पुढे असेच झाले. विजय हजारे १९१५ साली सांगलीस जन्मले. त्यांच्या खेळास आसरा मिळाला तो बडोदे संस्थानात. १९५२ साली मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा ते संघनायक होते. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचाही जन्म सांगलीचाच. परंतु राजाश्रयाचा अस्त आणि पुढची पोकळी यांचे सर्वांत बोलके उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वर गावचे कुस्तीगीर खाशाबा जाधव हे होय. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. चारच वर्षांनी, १९५२ साली, हेल्सिंकीस जावयाचे झाले तेव्हा संस्थान उरले नव्हते. मग गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची भव्य मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीने संसार चालत नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. गौरव मिळाला, पण खेळावर चरितार्थ चालला नाही. अव्वल दर्जाच्या पुरुष मल्लाची ही गत, तर खेळणाऱ्या मुलींची काय कथा?

मुलींच्या क्रिकेटचा संघटित आरंभ आपल्याकडे १९७३ साली झाला. लखनौचे महेंद्रकुमार शर्मा यांनी स्त्रियांच्या क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन केली आणि त्याच वर्षी पुण्यास पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ साली शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय स्त्रिया वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळल्या, आणि त्याच मालिकेत पाटण्यास त्यांनी पहिला विजयही मिळविला. त्या पिढीतील खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या आठवणी वाचण्यासारख्या आहेत : आरक्षणावाचून आगगाडीच्या डब्यातला प्रवास, वसतिगृहातील फरशीवर पथारी, संपूर्ण संघात मिळून दोन-तीन चांगल्या बॅटी. पोटाचा प्रश्न काहींच्या बाबतीत रेल्वेने सोडविला. रेल्वेत नोकरी मिळाली की खेळण्याची मुभाही मिळे. तो उपकारच होता; परंतु पगार होता तो नोकरीचा, खेळाचा नव्हे. २००५ साली भारतीय स्त्रियांचा संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्या वेळी दर सामन्यास एक हजार रुपये मिळत, असे संघनायिका मिताली राज यांनी नंतर सांगितले आहे. २००६ च्या सुमारास स्त्रियांची संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली, आणि मैदाने, शिबिरे, प्रवास यांची व्यवस्था हळूहळू सुधारू लागली.

नेमक्या याच सुमारास सांगलीजवळच्या माधवनगरातील एक नऊ वर्षांची मुलगी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात निवडली गेली होती. स्मृती मानधना यांचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईस झाला; त्या दोन वर्षांच्या असताना कुटुंब माधवनगरास येऊन राहिले. वडील श्रीनिवास आणि थोरला भाऊ श्रवण हे दोघेही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. श्रवण महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघात गेला आणि त्याच्या पाठोपाठ धाकट्या बहिणीनेही बॅट हाती धरली. मूळची ती उजव्या हाताची; पण भावाचे पाहून ती डावखुरी फलंदाज झाली. अकराव्या वर्षी तिची एकोणीस वर्षांखालील संघात निवड झाली. अनंत तांबवेकर यांच्यासारखे शिक्षक गावातच लाभले. मुलीच्या खाण्यापिण्याची आणि कपड्यांची व्यवस्था आई स्मिता पाहत, सरावाचा कार्यक्रम वडील आखीत. एका घराने आपला सारा दिनक्रम मुलीच्या खेळाभोवती आखावा, ही गोष्ट वाचताना साधी वाटते. परंतु ज्या काळात या खेळातून पुढे चार पैसे मिळतील याची कोणालाही शाश्वती नव्हती, त्या काळातली ती आहे. त्या आई-बापांनी पैशाचा हिशेब केला असता तर ही कारकीर्द घडलीच नसती. आणि तसा हिशेब करण्याची सक्ती ज्या घरांवर असते, त्यांतील मुलींचे काय, हा प्रश्न येथेच उभा राहतो. त्याकडे पुढे येऊ.

१६ व्या वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, मानधना भारतीय संघातून बांगलादेशाविरुद्ध खेळल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात बडोद्यास, एकोणीस वर्षांखालील पश्चिम विभागीय स्पर्धेत, महाराष्ट्राकडून गुजराथविरुद्ध त्यांनी १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय स्त्री असा लौकिक त्यांना मिळाला. बॅट राहुल द्रविड यांनी दिलेली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडातील वर्म्स्ली येथे त्या पहिला कसोटी सामना खेळल्या. आठ वर्षे भारतीय स्त्रियांना कसोटी सामनाच मिळाला नव्हता. संघातील आठ जणी प्रथमच कसोटी खेळत होत्या. तरीही भारताने इंग्लंडला सहा गडी राखून हरविले. त्या विजयात दुसऱ्या डावातील ५१ धावा मानधना यांच्या होत्या. आठ वर्षांची ही पोकळी ध्यानात घेण्याजोगी आहे. कौशल्य होते, पण ते दाखविण्याचा प्रसंगच नव्हता; आणि ज्या कारागिराला वर्षानुवर्षे काम मिळत नाही त्याची कारागिरी व्यवसाय कशी व्हावी?

काम मिळण्याची नवी वाट २०१६ साली उघडली. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या बिग बॅश स्पर्धेसाठी ब्रिस्बेन हीट या संघाने मानधना यांच्याशी करार केला. त्या आणि सिडनी थंडरकडे गेलेल्या हरमनप्रीत कौर या दोघी त्या स्पर्धेत उतरणाऱ्या पहिल्या भारतीय. सांगलीच्या मुलीने देशाच्या निशाणाखाली नव्हे, तर कराराने परक्या शहराच्या संघाकडून खेळावे, ही आपल्याकडे अपूर्व गोष्ट होती. युरोपात मात्र ती रुळलेली होती. स्पेनची बास्केटबॉलपटू आमाया वाल्देमोरो हिचे उदाहरण घ्या. ती १९९८ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या संघात गेली, त्या संघाच्या १९९८, १९९९ आणि २००० या लागोपाठच्या तीन विजेतेपदांत ती होती, पुढे रशियातील संघांकडूनही खेळली, आणि २०१३ साली स्पेनला युरोपचे अजिंक्यपद मिळवून देऊन निवृत्त झाली. एखाद्या गवयाने आज बडोद्यास, उद्या म्हैसूरास बिदागी घेऊन गावे, तसे तिकडच्या खेळाडू स्त्रिया हंगामानुसार शहरे बदलीत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आपल्याकडे ती रीत रुजण्यास एकविसाव्या शतकाची सोळा वर्षे उलटावी लागली.

व्यवसाय म्हटला की त्याची जोखीमही आली. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिस्बेनकडून खेळतानाच मानधना यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. सुमारे पाच महिने मैदान सुटले. जून महिन्यात इंग्लंडात विश्वचषक सुरू झाला, तेव्हा पहिल्याच सामन्यात डर्बी येथे त्यांनी यजमानांविरुद्ध ९० धावा केल्या आणि पुढच्याच सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. त्यानंतर मात्र धावा आटल्या, आणि २३ जुलै रोजी लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात त्या शून्यावर बाद झाल्या. भारत नऊ धावांनी हरला. त्या पराभवाने एक गोष्ट मात्र साधली. जो प्रेक्षक आजवर स्त्रियांच्या सामन्याकडे फिरकला नव्हता तो त्या दिवशी घरोघरी पडद्यासमोर बसला होता. भाव्यांच्या नाटकाला मुंबईचा प्रेक्षक मिळाला, तसाच हा प्रसंग.

पुढील वर्ष मानधना यांचे वैभवाचे ठरले. २०१८ साली इंग्लंडातील सुपर लीग स्पर्धेत त्या वेस्टर्न स्टॉर्म संघाकडून खेळल्या. त्या स्पर्धेतील त्या पहिल्या भारतीय, आणि त्या हंगामात सर्वाधिक ४२१ धावाही त्यांच्याच. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या वर्षीची सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्यांची निवड केली. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील कॅरारा येथे, दिवस-रात्र चालणाऱ्या कसोटीत, त्यांनी १२७ धावा केल्या. त्या प्रकारच्या कसोटीत शतक करणारी त्यांच्याआधी कोणी भारतीय स्त्री नव्हती.

आता हिशेबाच्या गोष्टीकडे वळू. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामक मंडळाने जाहीर केले की सामन्याचे मानधन स्त्रियांना आणि पुरुषांना सारखेच मिळेल : कसोटीस पंधरा लाख, एकदिवसीय सामन्यास सहा लाख, वीस षटकांच्या सामन्यास तीन लाख. वार्षिक करारांच्या रकमा मात्र त्या वेळी निराळ्याच राहिल्या. पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीस सात कोटी, तर स्त्रियांच्या वरच्या श्रेणीस पन्नास लाख. जानेवारी २०२३ मध्ये स्त्रियांच्या प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून ४,६६९.९९ कोटी रुपयांस विकले गेले, आणि १३ फेब्रुवारी रोजी मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. पहिलेच नाव पुकारले गेले ते मानधना यांचे. प्रत्येक संघाजवळ खर्चास बारा कोटी रुपये होते; त्यांतून बंगळूरच्या संघाने त्यांच्यासाठी ३ कोटी ४० लाख मोजले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली.

'लिलाव' हा शब्द माणसांसाठी वापरलेला पाहून जुन्या वळणाच्या वाचकाला ठेच लागेल, आणि ती अगदीच अनाठायी नाही. तरीही या प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. 'मानधन' आणि 'मोल' या दोन शब्दांत फरक आहे. मानधन देणारा आपल्या इच्छेने देतो आणि घेणाऱ्याने कृतज्ञ राहावयाचे असते. मोल हे कामाचे असते आणि घेणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. खाशाबांना वर्गणी मिळाली, १९७३ च्या मुलींना कृपा मिळाली, रेल्वेतील खेळाडूंना नोकरी मिळाली. २०२३ च्या त्या दुपारी एका भारतीय स्त्रीच्या खेळाला प्रथमच मोठे मोल आले. आणि मोल घेणाराची परीक्षाही कठोर असते, हे लगेच दिसले. पहिल्या हंगामात मानधना यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरचा संघ ओळीने पाच सामने हरला. टीकाकारांनी त्या रकमेची आठवण करून देण्यात कसूर केली नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच संघाने दिल्लीस दिल्लीच्याच संघाला हरवून अजिंक्यपद मिळविले.

धंदेवाईकपणाने खेळातील निष्ठा जाते, या जुन्या आक्षेपाचे उत्तर २०२५ च्या विश्वचषकात मिळाले. साखळी फेरीत भारत लागोपाठ तीन सामने हरला होता. २३ ऑक्टोबर रोजी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध हरणे म्हणजे जवळजवळ बाहेर पडणे होते. त्या दिवशी मानधना यांनी १०९ आणि प्रतिका रावल यांनी १२२ धावा केल्या. सलामीची भागी २१२ धावांची झाली. २ नोव्हेंबर रोजी त्याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. संपूर्ण स्पर्धेत मानधना यांच्या ४३४ धावा झाल्या. मंडळाने विजयी चमूस ५१ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. पैसा मिळू लागल्याने खेळ उणावला नाही. वर्षभर सराव करणे, देशोदेशी खेळणे, दुखापतीवर उत्तम उपचार घेणे, हे सारे त्या पैशामुळेच शक्य झाले होते.

तथापि येथेच थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखे होईल. माधवनगरापासून फार दूर नसलेल्या माण तालुक्यात मोही नावाचे गाव आहे. दुष्काळाने पोळलेला तो मुलूख. तेथील ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळत. पुढे त्या लांब पल्ल्याच्या धावपटू झाल्या. २०१५ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम शर्यतीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी भारताची स्त्री धावपथावरील ऑलिंपिक अंतिम शर्यतीत उभी होती. परंतु अडथळ्यांच्या शर्यतीचा लिलाव होत नाही. ललिताबाईंच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती, आणि नंतर त्या महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या. रस्ता तोच, खाशाबांच्या वेळचा. फक्त अधिक सन्मानाचा.

साताऱ्याच्या अदिती स्वामी यांची गोष्ट याहून अलीकडची. शिक्षकाच्या घरातील ही मुलगी ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिला तिने १४९ विरुद्ध १४७ असे हरविले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पण हा प्रकार त्या वेळी ऑलिंपिकमध्ये नव्हता. २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धेसाठी त्याचा समावेश ठरला तोही केवळ मिश्र सांघिक स्वरूपात. जगात पहिली येऊनही ऑलिंपिकचे दार किलकिलेच.

एकाच पट्ट्यातील या तिघींच्या गुणांत उणे-अधिक ठरविणे शक्य नाही. त्यांच्या चरितार्थात जे अंतर दिसते ते गुणांचे नसून प्रेक्षकांचे आहे. जेथे लोक तिकीट काढून बसले तेथे व्यवसाय उभा राहिला. जेथे बसले नाहीत तेथे सरकारी नोकरी, बक्षीस आणि घरच्यांची पदरमोड यांवरच भागवावे लागले. म्हणूनच मघाशी सोडलेला प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे. घरची स्थिती बेताची असलेल्या मुलीने, लोकांना न दिसणाऱ्या खेळात, आपली उमेदीची दहा वर्षे कोणाच्या भरवशावर घालावीत? दुखापत झाली तर तिच्या मागे कोण? संस्थाने गेली, बाजार सर्व खेळांपर्यंत पोहोचलेला नाही, या दोहोंच्या मधली जागा शाळा, नगरपालिका, जिल्ह्याची मैदाने आणि सरकारी शिष्यवृत्त्या यांनीच भरून काढावयाची आहे.

भाव्यांनी तिकीट लावले त्या दिवशी सीतेची भूमिका स्त्रीला मिळाली नाही; त्याला आणखी कित्येक दशके लागली. मानधना यांच्या लिलावाचे मोलही आपोआप प्रत्येक मुलीच्या पदरी पडणार नाही. मात्र आज सांगली-साताऱ्यातील एखादी मुलगी आईजवळ येऊन 'मला खेळच करायचा आहे' असे म्हणाली, तर 'त्याने पोट भरेल का?' या प्रश्नाला निदान एका खेळात तरी ठाम उत्तर देता येते. १९७३ साली पुण्यास जमलेल्या त्या तीन संघांतील एकीलाही ते देता आले नसते.